आमच्या वाट्याचा पौष

घरात पाऊल टाकलं की मावशी आधी समोरच्याच्या हाताची कातडी चिमटीत धरून वर ओढायची आणि सोडून द्यायची. कातडी झटकन खाली बसली तर ठीक. तशीच उभी राहिली की म्हणायची, "पाणी कमी पडते जी. तांब्या आणा." हात पेशंटचा असो, माझा असो, नाहीतर सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाचा. एकदा आमच्या सोसायटीचे चेअरमन जिन्यात पाणीकपातीची नोटीस चिकटवत होते. हिनं त्यांचा हात धरला, चिमटा काढला आणि सांगितलं, "तुमाले पाणी कमी पडते." चेअरमन आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांना वाटलं, मीच शिकवून पाठवलं.

अशा मावश्या तुम्हीही पाहिल्या असतील. सकाळी आठच्या सुमाराला खांद्याला रेक्झिनची पिशवी, पायात रबरी चपला, हातात पत्त्याची चिठ्ठी घेऊन इमारतींच्या नावाच्या पाट्या वाचत उभ्या असतात. नर्सिंग ब्यूरोच्या बाया. आपल्या म्हाताऱ्यांना अंघोळ घालतात, भरवतात, कूस बदलतात. आपण त्यांना नाव विचारत नाही, मावशी म्हटलं की भागतं. मीही अडीच वर्षांत हिला कधी नावानं हाक मारली नाही. आधार कार्डाची झेरॉक्स घेतली तेव्हा वाचलं होतं, तेवढंच.

ती यवतमाळकडची. नवरा गेल्यावर पुण्यात आली, ती वीस-पंचवीस वर्षं इथंच. धायरीला ब्यूरोच्याच आणखी दोघींबरोबर एका खोलीत राहायची. इतकी वर्षं इथं काढूनही बोलणं तिकडचंच राहिलं. तिकडच्या बायका "मी येतो, मी जातो" म्हणतात, तशीच ती बोलायची. आमच्या आईला सुरुवातीला ते सहन व्हायचं नाही. आई निवृत्त मुख्याध्यापिका. मांडीचं हाड मोडून पडलेली असतानाही तिनं मावशीला चार दिवस व्याकरण शिकवलं. पाचव्या दिवशी मावशी म्हणाली, "आजी, तुमी मले बोलायला शिकवा, मी तुमाले चालायला शिकवतो. पाहू कोण आधी पास होते."

डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता बेडवरच. मावशीनं ते ऐकून घेतलं, डॉक्टर गेल्यावर म्हणाली, "झोपलेलं माणूस लवकर संपते," आणि कामाला लागली. आधी पलंगावर बसवलं, मग पाय खाली सोडायला लावले, मग वॉकर. आई हट्टी.

"मला आज चालायचं नाही."

"नका चालू. बाल्कनीत नुसत्या उभ्या रहा. खालच्या मजल्यावरची ती बाई ओला कचरा कुठं फेकते ते पाहून घ्या."

आई लगेच उठली. तिसऱ्या महिन्यात ती दोन वेळा बाल्कनीपर्यंत जात होती आणि खालच्या मजल्याशी आमचे संबंध कायमचे बिघडले होते. अडीच वर्षांत आईच्या पाठीला एक जखम झाली नाही. ज्यांच्या घरात कुणी अंथरुणावर आहे त्यांना कळेल मी काय म्हणते ते.

आईला उचलताना मात्र मावशी दात घट्ट आवळायची. पदराखाली कमरेला पट्टा असायचा. मी विचारलं तर म्हणायची, "पाठ कुरकुर करते जी. मी तिले म्हणतो, थांब, अजून थोडे दिवस."

आता माझा स्वभाव सांगते. मी तीस वर्षं विम्याच्या ऑफिसात काढली. समोरच्यानं चाळिशी ओलांडली की माझ्या तोंडून पेन्शन हा शब्द बाहेर पडतो, त्याला इलाज नाही. मावशीला मी कितीदा तरी समोर बसवून समजावलं. म्हातारपणी काय करणार? महिन्याला थोडे थोडे टाकत जा, मी फॉर्म आणते, नुसता अंगठा द्या. ती माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकायची आणि डाळ निवडत राहायची. एक दिवस म्हणाली, "पैसे टाकून पाहिले जी. गावच्या पतसंस्थेत सारे बुडाले. कागद होता माह्याकडं, चांगला शिक्क्याचा. त्याचं काय करू? माह्या म्हातारपणाचं मी पाहून ठेवलं हाये. बारा घरं धरतो हाये."

मला काही कळलं नाही. मग तिनं समजावलं. जिथं जिथं तिनं म्हातारी माणसं सांभाळली, त्यातल्या चांगल्या घरांकडून तिनं एकेक शब्द घेतला होता. पैसे नकोत, बक्षीस नको. माझे हातपाय चालेनासे झाले की वर्षातून एक महिना मला तुमच्या घरी ठेवून घ्या. बारा घरं म्हणजे वर्ष. पाडव्याला सुरुवात. कुणावर भार नाही, कुणाला कंटाळा नाही. कोणत्या घराला कोणता महिना हेही तिनं बसून ठरवलं होतं. आषाढात जिथं लिफ्ट आहे ते घर, कारण पावसात गुडघे धरतात. भाद्रपदात गणपती बसवणारं घर, दहा दिवस गोडधोड. "आन पुढं पितृपक्ष. ज्या म्हातारीचं मी केलं तिच्याच श्राद्धाले जेवीन," असं म्हणून ती इतकी हसली की आतून आईनं विचारलं काय झालं म्हणून.

आमचे हे पेपरमधून डोकं वर काढून म्हणाले, "आणि अधिक महिना आला तर?"

"अधिकात लेकीकडं जातो जी. जावयाले वाण द्यायलाच लागते."

लेक यवतमाळजवळ दिलेली, तिचंच तिला पुरत नव्हतं. पण अधिक महिन्यापुरती सोय होती. हे गप्प बसले. आमच्या घरात त्यांना गप्प बसवणारी ती दुसरी बाई, पहिली माझी आई.

मी मात्र हसले नाही. अशी पॉलिसी मी तीस वर्षांत पाहिली नव्हती. "आणि लोकांनी शब्द नाही पाळला तर?" मी विचारलं. तिला माझीच कीव आल्यासारखं दिसलं. "काहून नाही पाळणार? मी त्यांच्या मायबापाचं केलं ना." मग बोटं मोजून म्हणाली, "अकरा झाले. पौष तेवढा राहिला. भाकड महिना, कुणाकडं काही नसते, म्हणून कुणाले मागितला नाही."

आई गेली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. मावशी तिचे केस विंचरत होती. तेराव्याला मी मावशीला साडी दिली आणि पाकीट पुढं केलं. साडी तिनं कपाळाला लावली. पाकीट माझ्या हातात परत ठेवून माझी मूठ मिटली. "ताई, पौष देता का? तुमच्याकडं गच्चीवर उन्हाचं गरम पाणी येते. थंडीत बरं राहीन."

मी रडत होते. आईला शेवटचं पाणी हिनं पाजलं होतं, मी तेव्हा दूध तापवत होते. मी तिला मिठीच मारली आणि म्हटलं, "अहो मावशी, हे काय विचारणं झालं? घर तुमचंच आहे." तिनं डोळे पुसले. "वर्ष भरलं माहं," म्हणाली. त्या दिवशी तिच्याइतकं समाधानी माणूस आमच्या घरात दुसरं नव्हतं.

पुढची चार वर्षं संक्रांतीला तिचा फोन यायचा. तिळगूळ घ्या, एवढंच. मग एका मार्गशीर्षात, अमावास्येच्या आदल्या दिवशी आला. "ताई, परवापासून पौष लागते. येऊ ना?"

मी विसरले नव्हते. विसरले असते तर एकवेळ बरं झालं असतं. ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "शब्द दिलाय ना तू? मग येऊ दे. महिना म्हणजे महिना."

ती आली ती वाकून. रेक्झिनची तीच पिशवी आणि एक पत्र्याची पेटी. मणका सरकला होता, ब्यूरोनं नाव काढून टाकलं होतं. जिना चढायला तिला बराच वेळ लागला. वर आल्यावर आधी माझ्या हाताची कातडी चिमटीत धरली.

बाकीच्या घरांचं तिनं हळूहळू सांगितलं, तेही मी खोदून खोदून विचारलं म्हणून. चैत्राचं घर पाडलं होतं, तिथं मोठी इमारत उठत होती, माणसं कुठं भाड्यानं गेली ते वॉचमनला माहीत नव्हतं. वैशाखातले मुलाकडे परदेशी. श्रावणातल्यांनी ओळखलं, चहा केला, हजार रुपये हातात ठेवले आणि फाटकापर्यंत सोडायला आले. भाद्रपदातले म्हणाले, मावशी, यंदापासून आम्ही गणपती दीड दिवसाचा केलाय. पाडव्यापासून हे असं चाललेलं. तोवर धायरीच्या खोलीत सोबतच्या दोघी तिचा वाटा भरत होत्या. मार्गशीर्षात त्यांनी भाडं वाटून घ्यायला तिसरी बाई आणली आणि हिनं खोली सोडली.

"माणसं चांगली हायेत जी," ती म्हणाली. "अडचणी असतात."

तिला आईची खोली दिली. मी बजावलं की आता आराम करायचा, एका कामाला हात लावायचा नाही. पहाटे पाचला उठून बघते तो ही कणीक तिंबतेय. ओरडले तर म्हणाली, "बसून राहिलं की मले परकं वाटते." मग मीही ओरडायची थांबले. खरं सांगायचं तर दोन-चार दिवसांत मला सवय झाली. तिनं ह्यांचं संध्याकाळचं फरसाण बंद केलं, भाकरी सुरू केली, जेवण झालं की कॉलनीत दोन चकरा मारायला लावल्या. ह्यांची साखर कित्येक वर्षांनी आटोक्यात आली. साठी उलटल्यावर आम्ही दोघं इतके ठणठणीत कधी नव्हतो. संक्रांतीला तिनं तिळाचे लाडू वळले आणि ह्यांना अर्धाच दिला. हे चक्क ऐकून घेत होते.

रोज दुपारी जेवणं झाली की ती खोलीत जाऊन माघातल्या घराला फोन लावायची. फोन जुना, आवाज मोठा, मला स्वयंपाकघरात ऐकू यायचा. आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही. ती शेवटपर्यंत ऐकायची, मग पुन्हा लावायची. फाल्गुनातल्या घरी एकदा लागला. तिकडचा माणूस म्हणाला, कोण मावशी?

मला सगळं कळत होतं हो. पौष संपला की हिला जायला जागा नाही, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. आणि खोली रिकामी होती. मुलगा कॅनडात, येतो तो दोन वर्षांतून एकदा. एक म्हातारं माणूस खाऊन खाऊन किती खातं? पण मला भीती वाटायची. आज चालतेय, उद्या पडली तर? अंथरुणाला खिळली तर तिला उचलणार कोण? मी? मग तिच्यासाठी ब्यूरोची बाई ठेवायची? आम्ही दोघांनी आमच्या म्हातारपणासाठी जे राखून ठेवलंय ते हिच्या आजारपणात गेलं, तर आमचं कोण करणार? अशी उलटसुलट मी रोज भांडत होते, स्वतःशीच. ह्यांच्याकडे बघायचे तर ते पेपर डोळ्यांपुढे धरून बसलेले. त्यांनाही कळत होतं. आम्ही दोघांनी तो विषय एकदाही काढला नाही. काढला असता तर कुणाला तरी हो म्हणावं लागलं असतं.

पौष अमावास्येच्या सकाळी तिनं अंथरुणावरची चादर धुऊन वाळत घातली, खोली झाडली, पेटी दाराशी आणून ठेवली. मला म्हणाली, "ताई, महिना भरला."

मी म्हटलं, "हो ना. दिवस कसे गेले कळलंच नाही."

ती दारात जरा वेळ उभी राहिली. काही विसरलं का ते आठवत असल्यासारखी. मला ते बघवेना. मी विचारलं, "लाडवांचा डबा देऊ का बरोबर?"

"द्या," ती म्हणाली. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली. "बाराच्या बारा घरं खोटी निघाली असती, तर मले लोकांनी वेडी म्हटलं असतं जी. तुमचं घर खरं निघालं."

ह्यांनी पेटी खाली नेऊन ठेवली आणि मंडईत जाऊन येतो म्हणून निघून गेले. रिक्षा मी थांबवली. तिला हात धरून आत बसवलं, डबा मांडीवर दिला. रिक्षावाल्यानं मीटर पाडलं आणि मागं वळून विचारलं, "कुठं जायचं, मावशी?"

तिचं उत्तर माझ्या कानावर पडू नये म्हणून मी लगबगीनं वळले आणि जिना चढायला लागले. दोन्ही मजले न थांबता चढले. महिनाभर रोज तेल लावून तिनं चोळले होते, गुडघे अजिबात दुखले नाहीत.