बाहुलीचा घागरा आणि माझी फॅशन

ब्रह्मपुरीत माझं बायकांचे ब्लाउज शिवायचं दुकान आहे. दुकान पुढे, घर मागे. मुलगी सात वर्षांची होती तेव्हाची ही गोष्ट. शाळेच्या पालकसभेला नेहमी बायको जायची. त्या दिवशी तिनं मला पाठवलं. म्हणाली, "मुलांना मारू नका, हे दर वेळी मी ऐकून काय उपयोग, हात तर तुमचा उठतो."

सभेत मोठ्या बाईंनी दोनच गोष्टी सांगितल्या. मुलांवर हात उगारू नका आणि त्यांच्यासमोर खोटं बोलू नका. मी मान डोलावली. सोपं वाटलं.

घरी आलो तर मुलगी माझी मोठी कात्री घेऊन बसलेली. समोर बाहुली, आणि बाहुलीच्या अंगात जांभळा, जरीचा घागरा. जवळच्या खेड्यातल्या एका शेतकरीण बाईंनी भाच्याच्या लग्नासाठी दिलेलं ब्लाउजचं कापड ते. उरलेल्या कापडात मधोमध थाळीएवढं भोक.

माझा हात उठला. वरच राहिला. सभेतून येऊन अर्धा तासही झाला नव्हता. शेवटी त्याच हातानं मी डोकं खाजवलं.

"आता त्या कापडवाल्या बाईंना काय सांगू?" मी बायकोला म्हणालो. "उंदरानं कुरतडलं म्हणतो."

मुलीनं भोकाकडे नीट पाहिलं. "अब्बा, उंदीर एवढं गोल कापते?"

बायको तोंडाला ओढणी लावून आत गेली. दुसरी गोष्टही मी मोडायला निघालो होतो. मग ठरवलं, मुलीला घेऊनच जायचं आणि तिनंच खरं सांगायचं. मोटरसायकलवर तिला पुढे बसवलं आणि धानाच्या शेतातल्या बांध्यांमधून जाताना पढवत राहिलो, "घाबरायचं नाही. जे झालं ते सगळं सांगायचं. काही लपवायचं नाही."

"सगळं?"

"सगळं."

बाई अंगणात सुपात तांदूळ पाखडत होत्या. त्यांचे मालक खाटेवर. मुलगी त्यांच्यासमोर उभी राहिली, बाहुली पुढे धरली आणि एका दमात म्हणाली, "बाई, तुमचं कापड मी कापलं. अब्बाले न विचारता. चुकलं माझं."

बाईंचं सूप थांबलं. मी पोरीच्या खांद्यावर हात ठेवला. ऊर भरून आला होता. पण तिचं अजून संपलं नव्हतं.

"आणि दिवाळीचा तुमचा ब्लाउज अब्बानं चुकीचा कापला होता. बाह्या छोट्या झाल्या, तर तुमाले म्हटलं, नवीन फॅशन आहे."

मी खांद्यावरचा हात काढून घेतला.

"काऊन भाऊ?" बाई माझ्याकडे वळल्या. "खरं आहे का हे?"

"हो, बाई."

"अजी, मी तो ब्लाउज साऱ्या गावात मिरवला! माहा पाहून आमच्या आळीतल्या चार जणीनं तश्याच बाह्या शिवल्या. तुमीच तर शिवून देल्ल्या!"

मालक खाटेवर उठून बसले आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "आता त्या चौघीले सांगू नको," ते आपल्या बायकोला म्हणाले, "नाईतर ह्या भाऊले गावात पाय ठेवू देणार नाई."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी बाहुली हातात घेतली, घागरा उलटा करून टाके पाहिले. "लग्न पुढच्या शुक्रवारी आहे. मले अस्संच कापड पाह्यजे. बाह्या कोपरापर्यंत. आणि पोरीले रागावलात तं माह्याशी गाठ आहे." मग पोरीच्या हातात गुळाचा खडा ठेवला. मला पाणीही विचारलं नाही.

तसं कापड ब्रह्मपुरीत मिळालं नाही, म्हणून दुकान बंद ठेवून मी बसनं चंद्रपूरला जाऊन आलो. ब्लाउज बुधवारीच पोचवला. बाईंनी दारातच बाह्या वितीनं मोजल्या, मग घरात बोलावून चहा दिला.

त्या पहिल्या दिवशी परत येताना मुलीनं विचारलं होतं, "अब्बा, मी बरोबर सांगितलं ना?" राग होता, लाज होती, आणि पोर माझ्यापेक्षा धीट निघाल्याचा आनंदही होता. म्हणालो, "बरोबर सांगितलं."

चहा पिऊन आलो त्या संध्याकाळी चिंध्यांचं एक बोचकं तिच्यापुढे टाकलं, तिच्या हातात मावेल अशी छोटी कात्री दिली आणि खडूच्या रेघेवरून कसं कापायचं ते दाखवायला बसलो.