तांबड्या माठाची राख

बडीशेपेसारखा वास जसाच्या तसा राहायला हवा होता. त्या चंबूत काहीच घडणं अपेक्षित नव्हतं. पण बूच काढलं आणि प्रयोगशाळेत कलत्या उन्हाबरोबर देवबाभळीच्या फुलांसारखा गोड दरवळ पसरला. माझ्या कपाळावर आठी पडली.

संशय हा माझा जुना आजार. कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवताना तो उपयोगी पडतो, घरात मात्र सगळ्यांना छळतो. बाजारातली पालेभाजी कुठल्या पाण्यावर वाढली असेल या धास्तीने मी ती घेतच नाही. परसात बाबांनी लावलेला तांबडा माठ तेवढा आमच्या ताटात येतो आणि माझी सहा वर्षांची लेक तो मिटक्या मारत खाते.

आमचं संशोधन तसं साधं. कारखान्यांच्या सांडपाण्यावर वाढणारी काही झाडं मातीतला धातू पानांत साठवतात. ती पानं जाळायची, राख आम्लात मुरवून वाळवायची आणि खाणीतून नवा धातू न उपसता त्या राखेनेच रासायनिक क्रियेला चालना द्यायची. ती बडीशेपेच्या अर्कात घातल्यावर बडीशेपेचा वास जाऊन देवबाभळीचा आला की समजायचं, राखेत धातू आहे. सांडपाण्याच्या ओढ्याकाठच्या माठाने ते करून दाखवलं होतं. तुलनेसाठी निर्मळ मातीतला माठ हवा, म्हणून मी मोठ्या तोऱ्यात घरचा नेला होता. आणि दरवळ सुटला होता तो नेमका त्याच चंबूतून.

माझी संशोधक विद्यार्थिनी रुबीना हिच्याकडे मी रोखून पाहिलं. चमचा तोच वापरला असेल, बाटल्यांची अदलाबदल केली असेल. तिला मी तीनदा प्रयोग करायला लावला, तिसऱ्यांदा तर पाठीमागे उभी राहून. तिचे डोळे भरून आले. "आता तुम्हीच करा की मॅडम. मी हातबी लावत न्हाई," ती म्हणाली आणि खरंच हात मागे बांधून उभी राहिली. मी नवी काचपात्रं काढली, घरून ताजी पानं आणली, सगळं स्वतः केलं. पुन्हा देवबाभूळ.

रुबीनाची माफी मागून घरी निघाले तेव्हा वाटेत आठवलं, माठ लावलेल्या त्याच परसात पूर्वी बाबांची पत्र्याची शेड होती. नटबोल्टांना जस्ताचा मुलामा द्यायचे ते. त्याच कमाईवर मी रसायनशास्त्र शिकले. मुलाम्याच्या हौदातलं वापरून झालेलं पाणी कुठे जायचं, हा प्रश्न साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या मला कधी पडलाच नव्हता.

बाबा परसात माठ खुडत होते. नुकत्याच शिंपलेल्या मातीचा वास येत होता आणि उतरत्या उन्हात ती पानं विलक्षण सुंदर दिसत होती. मी सगळं सांगितलं. जस्तासोबत आणखी काय मुरलंय ते अजून तपासायचंय, हेही सांगितलं. बाबा कितीतरी वेळ हातातली जुडी सोडत नि बांधत राहिले.

"हितंच ओतत हुतो की सगळं," ते म्हणाले. "लई वर्सं गवताचं पातंबी आलं न्हाई. मग ह्यो माठ आला. मला वाटलं, भुईनं इसरलं."

"आजोबा, माठ खुडला का?" आतून लेकीची हाक आली.

"न्हाई बाळा, आज न्हाई," ते म्हणाले. त्यांच्यावर रागवायला मी तोंड उघडलं; पण तो माठ इतके दिवस तिच्या ताटात मीच वाढत होते ते आठवलं, आणि तसंच मिटून घेतलं.