धुरींच्या लवूचा टाय

लालबागच्या मोरेश्वर चाळीत गळ्यात काही ना काही घालणारी माणसं पुष्कळ होती. कुणाच्या गळ्यात तुळशीची माळ, कुणाच्या ताईत, तालमीतल्या पोरांच्या गळ्यात काळा दोरा. टाय घालणारे मात्र दोघंच. एक तळमजल्यावरचा कायतान, हा लग्नाच्या बँडात ट्रंपेट वाजवी. दुसरा तिसऱ्या मजल्यावरचा लवू धुरी. कायतान टाय लावून निघे तो दिवेलागणीनंतर, माणसं जेवायला बसलेली असताना. लवू निघे सकाळी, नळावर हंडे-कळशांची रांग लागलेली असताना. त्यामुळे चाळीच्या हिशेबी टायवाला एकच, तो म्हणजे लवू.

लवूचे वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. ते गेल्यावर आई, गंगुबाई, वाइंडिंग खात्यात लागली आणि लवू मोठा झाल्यावर त्याला तिने आर्ट स्कूलमध्ये घातला. चाळीत तेव्हा मोठीच चर्चा झाली होती, कारण चित्रं काढायला कुणी शिकतं ही गोष्ट लोकांना पटत होती, पण त्याबद्दल कुणी पगार देतं ही पटत नव्हती. पुढे लवू ऑपेरा हाऊसजवळच्या एका जाहिरात कंपनीत चिकटला, तेव्हा गंगुबाईने पेढे वाटले आणि विचारणाऱ्या प्रत्येकीला सांगितलं, "साबणाच्या वडीवर बाई आसता मां? ती माझो लवू काढता." लवूने साबणावरची एकही बाई काढलेली नव्हती. पण चाळीतल्या बायका काही दिवस साबण जपून वापरू लागल्या.

कंपनीचे आर्ट डायरेक्टर शशिकांत कोठारे. गिरगावातलं जुनं घराणं, बोलणं मऊ, कपडे त्याहून मऊ. त्यांच्या पँटची घडी पाहून पेन्सिलीला टोक काढावं. पहिल्याच दिवशी त्यांनी लवूला समोर बसवून सांगितलं होतं, "धुरी, आपला धंदा दिसण्याचा. गिऱ्हाईक आधी आपल्याला बघतं, मग आपलं चित्र. स्टुडिओत हवं तर बनियनवर काम कर, माझी ना नाही. पण क्लायंटसमोर उघड्या गळ्याने कोणी जायचं नाही. मी नाही, तू नाही."

हा नियम त्यांनी अमलात आणूनही दाखवला होता. एकदा एका जुन्या आर्टिस्टाने भर मे महिन्यात टाय काढून ठेवला आणि तसाच क्लायंटपुढे आत गेला. कोठारेसाहेबांनी त्याला हसतमुखाने बाहेर आणून बसवला आणि त्याचं चित्र दुसऱ्याच्या हातात दिलं. तेव्हापासून ते चित्र त्या दुसऱ्याचंच झालं. चित्र घेऊन जो आत उभा राहील त्याचं नाव, असा तिथला रिवाज होता.

लवूने मग स्वतःला घडवायला घेतलं. दोन पांढरे शर्ट, एक गॅबर्डिनची पँट. पँट रोज गादीखाली घडी करून ठेवायची आणि वर सरळ झोपायचं. कूस बदलली तर पँटला दुसरी घडी पडे, म्हणून तो मृतासारखा झोपायला शिकला. शर्टाला इस्त्री तांब्यात निखारे घालून. टाय मात्र त्याने विचार करून घेतला. गर्द निळा, वर मोहरीएवढे पिवळे ठिपके. फोर्टातल्या फुटपाथवर तो अर्धा तास एका टायकडे डोळे बारीक करून बघत होता. शेवटी विकणाऱ्याने कंटाळून भाव उतरवला.

टाय आला, पण बांधायचा कसा? लवू तो घेऊन कायतानकडे गेला. कायतानने तोंडातली विडी खाली ठेवली, टाय लवूच्या गळ्यात टाकला आणि बघता बघता अशी काही गाठ मारली, की आरशात लवूला आपल्या जागी दुसराच कुणीतरी दिसला.

"पळय," कायतान म्हणाला, "आतां ही गांठ सोडूं नाका आं. सैल कर, तकलेवयल्यान काड, खिळ्याक लाय. सकाळीं परत घाल. हांव दर दिसा बांदपाक येवंचो ना."

लवूने हे देववाणीसारखं पाळलं. संध्याकाळी आला की गाठ जराशी सैल करायची, टाय डोक्यावरून हारासारखा काढायचा आणि खिळ्याला लावायचा. खिळा होता वडिलांच्या फोटोशेजारी. नवखा पाहुणा आला तर त्याला वाटे, फोटोचा हार बाजूला घसरलाय. एका म्हाताऱ्या आत्याने तर तो उचलून फोटोला घातलाही होता. वर्ष उलटलं, गाठ तशीच होती. जराशी काळपट, जराशी तेलकट, पण जागच्या जागी.

आणि मग लवूचं मोठं काम आलं. केसांच्या तेलाचं पोस्टर. आजवर त्याने दुसऱ्यांच्या चित्रांतली अक्षरं भरली होती, बाटल्यांवरची चमक काढली होती. हे पोस्टर पहिल्या रेघेपासून त्याचं. पाठमोरी बसलेली बाई, खाली जमिनीवर वेटोळं घालून पडलेली वेणी, आणि कोपऱ्यात तेलाची लहानशी बाटली. कोठारेसाहेब ते बघून म्हणाले, "उद्या अकराला तेलवाले येतायत. तू ने आत. मी बाजूला बसेन."

लवू त्या संध्याकाळी ट्राममधून उतरला तो तरंगतच. तर चाळीच्या तोंडाशीच समितीच्या पोरांनी त्याला धरला.

ते दिवसच तसे होते. लालबाग-परळात कोरी भिंत दिसली की कुणाचे तरी हात शिवशिवत. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, हे वाक्य पोरं शाळेच्या पाटीवर गमभनच्या आधी गिरवीत होती. चाळीत खरा आर्टिस्ट एकच, त्यामुळे सगळ्या फलकांची जबाबदारी लवूवर.

"लवू, दादरच्या सभेचा बोर्ड बाकी आहे रे! कापड ताणून ठेवलंय, रंग कालवलाय, फक्त तुझा हात लागायचाय," आनंदा म्हणाला. हा आनंदा दहीहंडीतला वरच्या थराचा गडी. वेळ पडली तर सभेतल्या खांबावरही चढे.

"कपडे बदलून येतो."

"बदलायला काय लग्नाला आलायस? दोन ओळी तर आहेत!"

लवूने बाह्या सरसावल्या, टाय खांद्यावरून पाठीमागे टाकला आणि दोन ओळी रंगवल्या. 'पाहिजे'मधल्या शेवटच्या मात्रेला टाय पुढे आला आणि त्याचं टोक तांबड्या रंगात बुडून वर आलं. लवूचं लक्ष अक्षरांवर होतं. वर जाऊन त्याने टाय खिळ्याला लावला, जेवला, आणि पोरांबरोबर फलक उभा करायला खाली गेला.

तो डाग पाहिला गंगुबाईने.

दुसऱ्या दिवशी लवू रोजच्यापेक्षा लवकर, पहिल्या पाळीच्या भोंग्यालाच जागा झाला. सवयीने खिळ्याकडे पाहिलं. तिथे नुसता खिळा होता.

"आये, माझो टाय खंय?"

गंगुबाई डबा बांधून निघण्याच्या बेतात होती. तिने कौतुकाने दोरीकडे बोट दाखवलं. दोरीवर टाय होता. धुतलेला, तांब्याने इस्त्री केलेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ, सपाट, लांबलचक. डाग गेला होता. गाठही गेली होती.

"गाठ?" लवूच्या तोंडून एवढंच आलं.

"सोडलंय," गंगुबाई म्हणाली. "केवढी ती गाठ! आत मळ किती बसलेलो! सुयेन उसवत उसवत माझी बोटां दुखली. असली गाठ आमच्या खात्यात कोणी ठेवली तर आमच्यावरची नायकीण उभी सोलतली."

"आये, ती मुद्दाम मारलेली होती गो!"

"मुद्दाम?" गंगुबाईला हे खरंच कळेना. "कपड्यात मुद्दाम गाठ कोण मारता?"

ज्या बाईने बारा-पंधरा वर्षं दिवसभर तुटलेले धागे जोडले, आणि प्रत्येक गाठ मागाच्या फणीतून न अडकता जाईल इतकी बारीक मारली, तिच्या दृष्टीने ती सुपारीएवढी गाठ म्हणजे कापडाला झालेला आजारच होता. तो तिने बरा केला होता. लवूचा चेहरा बघून मात्र ती वरमली. "माका काय म्हायत, बाबा," म्हणाली आणि डबा घेऊन जिना उतरली. रोज ती जिना उतरताना चार जणींशी बोले. त्या दिवशी कुणाशी बोलली नाही.

लवू खाली धावला. कायतानच्या दाराला कुलूप. तो वसईला लग्नात वाजवायला गेला होता, आणि वसईचं लग्न एका दिवसात आटोपत नाही हे अख्ख्या चाळीला ठाऊक होतं.

मग चाळ मदतीला आली. चाळीची मदत ही न मागता मिळणारी आणि नको म्हटलं तरी न थांबणारी गोष्ट. दुसऱ्या पाळीचे दगडूकाका, साच्यावर जन्म गेलेला माणूस, चष्मा लावून पुढे झाले. "गाठीचं मला सांगतोस? आण." त्यांनी मारलेली गाठ इतकी बारीक होती की ती शोधायला परत चष्मा लावावा लागला. टाय गळ्याभोवती गंड्यासारखा बसला आणि दोन्ही टोकं दोन दिशांना रुसल्यासारखी उभी राहिली.

"काका, हे टायसारखं दिसत नाही."

"दिसत नसेल. पण सुटणार नाही."

सुटायला खरोखरच वेळ लागला. मग आनंदा आला. "बाजूला व्हा. हंडीची गाठ मारतो. खालचे सगळे थर कोसळले तरी ही हलत नाही." ती गाठ हलली नाही, पण लवूचे डोळे बाहेर येऊ लागले. "जरा सैल कर रे!" "सैल होत नाही, तेच तर तिचं काम!" शेवटी रे रोडच्या गोदीत काम करणाऱ्या एका खलाशाने ती सोडवली, आणि आपलीही एक मारून पाहावी अशी इच्छा दाखवली. लवू टाय खिशात कोंबून पळाला.

ऑफिसात त्याने एकेकाला विचारलं. स्टुडिओतल्या एकाचा टाय त्याच्या मेव्हण्याने बांधलेला, दुसऱ्याला मागे हूक होता. तो अभिमानाने मान वळवून हूक दाखवीत होता. अकराला थोडाच अवकाश होता. लवूने पोस्टर उचललं आणि कोठारेसाहेबांच्या केबिनचं दार ढकललं.

"ये. घेतलंस पोस्टर?" साहेबांची नजर वर आली आणि गळ्याशी थांबली. "धुरी, गळा?"

लवूने खिशातून टाय काढून टेबलावर ठेवला. इस्त्रीची घडी अजून शाबूत होती. "साहेब, गाठ सुटली. आईने धुतला."

साहेबांनी उठून केबिनचं दार लावून घेतलं. लवूला वाटलं, झालं, गेलं पोस्टर.

"कोणाच्या हातची होती?" साहेबांनी हळूच विचारलं.

"शेजारच्या कायतानबाबांच्या."

"किती दिवस टिकली?"

"वर्ष झालं."

"वर्ष!" साहेबांच्या आवाजात चक्क हेवा होता. "आमच्या राजलक्ष्मीबाईंची महिन्यावर जात नाही. मग परत बांधून घ्यावी लागते. माहेरी निघाल्या की चार बांधून कपाटात टांगून जातात." त्यांनी लवूकडे पाहिलं. "हे बाहेर बोलायचं नाही."

"नाही, साहेब."

लवूच्या छातीवरचं ओझं अर्धं उतरलं, पण गळा उघडाच होता. बाहेर तेलवाल्यांची गाडी आल्याचं कुणीतरी ओरडलं. साहेबांनी खिडकीतून पाहिलं, एक सुस्कारा टाकला, आपल्या रेशमी टायची गाठ दोन बोटांनी सैल केली आणि तो डोक्यावरून काढला. अगदी हारासारखा. लवू काढी तसाच.

"वाक."

लवू वाकला.

"पण साहेब, तुम्ही?"

"मी नियम केला ना? मग उघड्या गळ्याने मी कसा येऊ? जा तू. बोलायचंय तुलाच. चित्र तुझं आहे."

त्या दिवशी आतल्या खोलीत तेलवाल्यांपुढे लवू धुरी एकटा उभा राहिला. टायला अत्तराचा मंद वास होता. लवू तोंडातल्या तोंडात सुरू झाला, पण वेणीवर आला तसा त्याला शब्द सापडत गेले. ही वेणी रोज कोण घालतं, सुटल्यावर बाई कशी बसते, तेल लावताना आईचा हात डोक्यावर कसा फिरतो, हे तो सांगत गेला. तेलवाल्यांचे शेठ ऐकत होते. शेवटी म्हणाले, "चांगलं आहे. बाटली मोठी करा."

कोठारेसाहेब बाहेर बाकावर शर्टाचं वरचं बटण लावून, शाळेतल्या पोरासारखे चहा पीत बसले होते.

"काय म्हणाले?"

"बाटली मोठी करा म्हणाले."

"म्हणजे पास!" साहेब उठले. "चित्र आवडलं नाही की ते रंग बदला म्हणतात. आण तो टाय. अरे हळू, हळू! संध्याकाळी घरी गाठ तीच दिसली पाहिजे. नाहीतर कोणी सोडली म्हणून राजलक्ष्मीबाई विचारतील."

लवू संध्याकाळी चाळीत शिरला तेव्हा गंगुबाई गॅलरीत उभी होती. पाळी सुटून केव्हाच झाली होती, पण चूल पेटलेली नव्हती. लवूने खालूनच हात उंचावला. "पास झालां गो आये!" तेव्हा कुठे ती खाली बसली.

दोन दिवसांनी कायतान वसईहून परतला. लवू टाय घेऊन गेला, तर गंगुबाईही पाठोपाठ. "माझ्यासमोर बांध," ती कायतानला म्हणाली. त्याने गाठ बांधली. "परत एकदा." त्याने परत बांधली. गंगुबाई त्याच्या चेहऱ्याकडे नाही, फक्त बोटांकडे बघत होती. मग तिने टाय आपल्या हातात घेतला. धागा तुटल्यावर चालायची तशी तिची बोटं चालली, आणि गाठ बसली. कायतानच्या गाठीपेक्षा लहान, आणि रेषेला सरळ.

"गंगूबाय," कायतान म्हणाला, "आमच्या बँडांत सात गडी आसात. तांकाय बांदून दी."

बँडवाल्यांचं पुढे काय झालं ते राहो, पण लवूची गाठ त्या दिवसापासून आईकडे गेली. एकच अडचण होती. गंगुबाई पहिल्या पाळीला निघे तेव्हा लवू झोपलेला असे, गादीखालच्या पँटवर, सरळ. मग ती निघताना टाय त्याच्या गळ्याभोवती घालून, बनियनवरच बांधून जाई. अशा रीतीने लवू धुरी रोज टाय लावूनच जागा होऊ लागला. टाय लावून दात घासी, टाय लावून नळावर रांगेत उभा राही. चाळीने काही दिवस थट्टा केली, मग सवय झाली. रोज रात्री गाठ सुटायची, आणि रविवारी तर ती बसायचीच नाही, टाय धुतला जायचा. मळ गाठीत बसतो, या मतावरून गंगुबाई कधीच हलली नाही.

एकदाच ती हलली. साठ सालच्या मे महिन्याची पहिली तारीख, वार रविवार. रात्रभर लालबाग जागं होतं, आणि सगळ्या फलकांवर 'झालाच पाहिजे' पुसून 'झाला' लिहिता लिहिता लवूचा हात दुखून आला होता. तो पहाटे कसाबसा आडवा झाला. उठला तर टाय गळ्यात, गाठ सरळ.

"आये, आज रविवार. सुट्टी आसा गो."

गंगुबाई नवं लुगडं नेसून दारात उभी होती. खाली लेझीम सुरू झालं होतं.

"आसांदे," ती म्हणाली. "राज्य इलां हा. उघड्या गळ्यान भेटतलंस?"