माइक बंद, लूम चालू

भुताखेतांसाठी माझ्याकडे कधी वेळ नव्हता. आजही नाही. घडलं ते सांगते, कुणाला नेटवर्कमधलं कळत असेल तर सुचवा. शांतीबिंती सुचवू नका, ती नणंदेने करून घेतली.

मी भिवंडीत, तिसऱ्या मजल्यावर राहते. पुण्याच्या एका कंपनीचं बिलिंग घरून करायचे. ह्यांना अर्धांगवायू झाल्यापासून घर सोडता येत नाही — पाणीसुद्धा बसवून, चमच्याने पाजावं लागतं, नाहीतर ठसका लागतो. घरून काम होतं म्हणून निभत होतं.

ग्राहकाबरोबरची मीटिंग मी शुक्रवारची मागून घेतली होती. शुक्रवारी इथले लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, बंद, गल्ली शांत. अडचण एकच... व्हीपीएन लावून कंपनीच्या नेटवर्कवर गेले की इंटरनेट गायब. फाइल उघडायची, मीटिंग तुटायची.

आयटीच्या साळुंखेने फोनवर सांगितलं, "मॅडम, तुमचं सगळं नेट कंपनीतून फिरून जातंय. रिमोट नेटवर्कचा गेटवे वापरा, असं लिहिलंय ना, त्यापुढची टिकची खूण काढून टाका."

काढली. दोन्ही सुरू झालं.

त्याच शुक्रवारी ग्राहक म्हणाले, "मॅडम, लूम जरा बंद करायला सांगा हो, काही ऐकू येत नाही."

मी खिडकीतून खालच्या कारखान्याच्या वॉचमनला हाक मारली. "चाचा, लूम चालू है क्या?"

"जुम्मे को? भाभी, आप भी ना!" तो खाटेवरून उठलासुद्धा नाही.

साळुंखेला परत फोन. व्हीपीएन काढलं की आवाज साफ, पण फाइल नाही. लावलं की लूम. "भिवंडीवाल्यांचं नेटसुद्धा विणूनच येतं वाटतं," तो हसला. मग त्याने तिकडून माझा माइक बंद केला.

"बंद केलाय मॅडम... तरी येतोय." आता तो हसत नव्हता. "तुम्हाला खरंच ऐकू येत नाही?"

नाही. ह्यांना विचारलं, त्यांनीही मान हलवून नाही सांगितलं.

हेडसेट बदलला, राउटर बदलला, कंपनीने दुसरा लॅपटॉप पाठवला. पुढच्या शुक्रवारी तेच. कंपनीतले साहेब म्हणाले, "ताई, एक तर लूमवाल्यांना आवरा, नाहीतर पुण्याला या."

"साहेब, शुक्रवारी लूम बंद असतात."

"भिवंडीत? कुणाला सांगताय!"

राजीनामा दिला. माझा पहिला लॅपटॉप आता नागपूरची एक मुलगी वापरते. साळुंखे म्हणतो, तिचा आवाज अगदी साफ येतो.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या कंपनीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. लॅपटॉप पुतण्याचा, व्हीपीएनचा प्रश्नच नव्हता. वार शुक्रवारच मागितला होता. खिडक्या बंद, शेजारच्या खोलीत ह्यांचा श्वास ऐकू येईल इतकं शांत. मी माहिती सांगायला लागले. समोरच्या मुलीने कपाळाला आठ्या घातल्या, हेडफोन कानावर दाबला. मी बोलतच राहिले, ही नोकरी हवीच होती.

"सॉरी मॅडम," ती म्हणाली, "तुमच्या मागे ही खडखड कसली चालू आहे?"

काही नाही, असं मी सांगितलं.