गाडीपुढचं गाऱ्हाणं

नव्या सीटवरच्या प्लॅस्टिकचा वास आला आणि मी देवबागच्या याच अंगणात, माझ्या पहिल्या गाडीसमोर जाऊन उभा राहिलो. तेव्हा मी नुकताच अठराचा झालो होतो. मला छोटी गाडी हवी होती, मनात येईल तिथे निघून जाता येईल अशी. बाबांनी निवडली ती मोठी, पर्यटकांची ने-आण करायला.

बॉनेटवर झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं, पायाखाली तापलेली वाळू. बाबांनी नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, माझ्या झिलाक गाव सोडून जावची बुद्धी होव नको. हीच गाडी चलवन तेचा बरा होवंदे."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. लहानपणापासूनच्या सवयीने मीही म्हणालो, आणि मग कळलं, कशाला हो म्हटलं ते. पुढे ती गाडी देवबाग ते मालवण एवढीच फिरली. मीही.

बाबांवरचा माझा राग कित्येक वर्षं गेला नाही.

आज लेकीने स्वतः निवडलेली छोटी गाडी दारात आहे. गाऱ्हाणं आता मला घालायचंय. ती हात जोडून 'व्हय' म्हणायला उभी आहे, आणि माझ्या तोंडाशी बाबांचंच वाक्य आलंय.