समितीच्या संगणकातली छुपी नोंद

सेवेतली कितीतरी प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत, हे एक मात्र वेगळंच राहिलं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि जालन्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. नाव कोणाचंही घेणार नाही. ही माणसं आजही याच जिल्ह्यात राहतात.

सकाळची हजेरी चालू असताना ठाणे अंमलदाराने फोन माझ्या हातात दिला. बोलणाऱ्या बाईने नाव सांगितलं नाही. औद्योगिक वसाहतीमागच्या वस्तीत एका खोलीच्या दाराला कागद चिकटवलेत आणि तिथे राहणारी बाई कालपासून दिसत नाही, एवढं सांगून तिने फोन ठेवला.

आम्ही गेलो. टाइप केलेली चार पानं होती. खोलीत राहणारी बाई एका बियाणे कंपनीत पाकिटं भरण्याच्या कामाला होती. सुपरवायझरच्या गैरवर्तनाबद्दल तिने कंपनीच्या महिला तक्रार समितीकडे तक्रार केली होती. तिथे बंद दाराआड दिलेला तिचा जबाब आता येणारे-जाणारे वाचत होते. नवरा ट्रकवर, महिना महिना बाहेर. तिचा फोन बंद. सासर केदारखेड्याचं, तिथेही ती पोहोचली नव्हती. सासऱ्याने फोनवर एकच विचारलं, "साहेब, विहिरी बघू का?"

मी "बघा" म्हणालो. भोकरदन ठाण्यालाही कळवलं. त्यानंतर दोन दिवस टेबलावरचा फोन मी दुसऱ्या कोणाला उचलू दिला नाही.

जबाबाची सही झालेली एकच प्रत कंपनीच्या कपाटात सीलबंद होती. मी ती दारावरच्या पानांशी ताडून पाहिली. दारावरच्या पानांत एक ओळ जास्त होती. समितीने ती वगळायला लावली होती, म्हणजे ती फक्त कच्च्या मसुद्यात होती. कागद कपाटातून गेला नव्हता, संगणकातून गेला होता. आणि मसुदा ज्या संगणकात होता, त्यावर समितीची टायपिस्ट एकटीच बसायची.

साक्षीदार बाईला ठाण्यात बोलवायचं नसतं, तिच्या घरी जाऊन विचारायचं असतं, हा नियम मला पाठ होता. तरीही जीप पाठवून मी तिला आणवलं. घाई होती, असं मी स्वतःला सांगितलं. तीन तास तेच तेच प्रश्न विचारले. कोणाला दिलं, कशासाठी दिलं, ती बाई कुठे आहे. टायपिस्ट पदर मुठीत धरून बसली होती. "मी न्हाई दिलं, साहेब," याच्या पुढे ती जाईना. बाई कुठे आहे म्हटलं की खाली बघायची. ते खाली बघणं मी गुन्ह्याची कबुली समजलो.

आमच्या ठाण्यातल्या एका महिला कॉन्स्टेबलला ते पटलं नव्हतं. संगणकातलं तिला चांगलं कळायचं. ती म्हणाली, "सर, एकदा मशीन बघू द्या. मंग काय ते ठरवा."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन पंच बसवून, मोबाइलवर चित्रीकरण चालू ठेवून तिने तो संगणक उघडला. ठरावीक वेळेला संगणक आपोआप कोणती कामं करतो, त्यांची यादी असते. टायपिस्टच्या लॉगिनमधून ती यादी उघडली, तर वावगं काहीच नव्हतं. मी उठायला लागलो. कॉन्स्टेबल म्हणाली, बसा सर, साध्या लॉगिनला दुसऱ्याने लावलेली कामं दिसत नाहीत, हेच ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावं लागेल. संगणकाचा मुख्य ताबा देणारा तो पासवर्ड दोघांकडेच होता. एक, कंपनीचा संगणक सांभाळणारा तंत्रज्ञ. दुसरे मॅनेजर, त्यांच्याकडे तो लाखेने बंद केलेल्या पाकिटात होता. लाख पंचांसमोर फोडली, तोवर ती शाबूत होती.

कॉन्स्टेबलने पडद्यावरच्या त्या यादीच्या चिन्हावर माउसची उजवी कळ दाबली, 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडलं, पासवर्ड घातला. तीच यादी पुन्हा उघडली. या वेळी तिच्यात एक ओळ जास्त होती. नाव होतं 'प्रिंटर अपडेट'. काम काय, तर दर अर्ध्या तासाने समितीच्या फोल्डरची नक्कल सुपरवायझरच्या केबिनमधल्या संगणकावर पाठवायची.

माझे कान तापले. पंचनामा केला, दोन्ही संगणक सील केले आणि तंत्रज्ञाला बोलावलं.

तो हसतच आला. न विचारता बोलू लागला. प्रिंटरचं असं असतं, नेटवर्कचं तसं असतं. टायपिस्ट तीन तासांत दहा वाक्यं बोलली नसेल, हा दहा मिनिटांत तिप्पट बोलला. कॉन्स्टेबलने शांतपणे विचारलं, "प्रिंटरला बायांचे जबाब कशाला लागतात?" त्याने पाणी मागितलं. मग सगळं बाहेर आलं. सुपरवायझरने नोकरीवरून काढायची भीती घातली होती, आणि कागद चिकटवायला सुपरवायझरने आपला माणूस पाठवला होता. तंत्रज्ञ आणि सुपरवायझर, दोघांवर गुन्हा नोंदवून त्यांना अटक केली. पुढे कोर्टात शिक्षाही झाली.

पण बेपत्ता बाई कुठे आहे, हे त्या दोघांनाही माहीत नव्हतं. केदारखेड्याकडे विहिरीत गळ टाकणं चालूच होतं.

संध्याकाळी कॉन्स्टेबल आणि मी टायपिस्टच्या घरी गेलो. कॉन्स्टेबलने मोबाइलवरचं चित्रीकरण तिला दाखवलं. संगणकाच्या यादीतली ती जास्तीची ओळ टायपिस्टने दोनदा पाहिली आणि ती रडू लागली.

"ती धावड्याला मावशीकडं हाय," ती म्हणाली. "जाताना मलाच सांगून गेल्ती. मी तुम्हाला कसं सांगू साहेब? जे बोलावं ते फुटून राह्यलं होतं. ठाण्यातलं बी फुटलं असतं तर?"

तिकडच्या ठाण्याला कळवलं, तासा-दीड तासात त्यांचा फोन आला. बाई सुखरूप होती. मी लगेच तिच्या सासऱ्याला फोन लावून विहिरी बघणं थांबवायला सांगितलं.

नंतर मी टायपिस्टची माफी मागायला एकटाच, साध्या कपड्यांत गेलो. तिने चहा दिला, मग म्हणाली, "साहेब, जीप आल्ती तेव्हा समद्या गल्लीनं बघितलं. आज कुणालाच कळलं न्हाई तुम्ही कोण." दुसऱ्या दिवशी मी गणवेशात गेलो, जीप तिच्या दारासमोर उभी केली आणि चार शेजाऱ्यांना बोलावून सांगितलं, की या बाईंचा काडीचा दोष नव्हता, चूक माझी होती. नोकरीत एवढं जड वाक्य मी दुसरं बोललो नसेन.

टायपिस्टचं गप्प राहणं मी लपवणं समजलो. ती तर दुसरीचा जीव सांभाळत होती. पुढची दोन वर्षं जबाब घेताना मी सुरुवात बदलली. काय घडलं हे विचारण्याआधी मी विचारायचो, "इथं बोललेलं कुठं जाईल असं वाटतं तुम्हाला?" जी उत्तरं मिळायची, त्यांनी पुष्कळदा माझी मान खाली जायची. पण त्यानंतर माणूस बोलायचा.