मामांचा मानाचा रिवेट

"मॅडम, तेवढा एक रिवेट सोडून बाकी सगळे तपासा," नितीन म्हणाला.

मी गुडघ्यावर बसले होते. एका हातात टॉर्च, दुसऱ्यात दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसला छोटा आरसा.

"का? त्याला काय सोवळं आहे?"

"तो मामांचा आहे."

नोकरीतली माझी सगळी वर्षं विमानाचे पत्रे जोडण्यात आणि दुसऱ्यांनी जोडलेले तपासण्यात गेली. रिटायर होऊन लोणावळ्याला राहायला आले तेव्हा वाटलं होतं, आता बाल्कनीत बसून धुकं बघायचं. ते आठवडाभरात बघून झालं. मग ओळखीतून नितीनचा फोन आला. आंबीजवळ त्याचं शीटमेटलचं छोटं युनिट आहे, इलेक्ट्रिकल पॅनेलचे डबे बनवतो. डोक्यात मात्र लहानपणापासून विमान. परदेशातून दोन सीटच्या विमानाचं किट मागवलं होतं. किट म्हणजे कापलेले, भोकं पाडलेले पत्रे आणि पोतंभर रिवेट. जोडायचं आपलं आपण. जोडणी चालली होती तिथेच, त्याच्या शंकरमामांच्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये. कोंबड्या बंद केल्यावर मामांनी ते भाच्याला फुकट वापरायला दिलं होतं. विमान नवीन, वास जुना.

आता रिवेट म्हणजे काय ते सांगते. बिनआट्याचा जाडसर खिळा समजा. एका बाजूला बटणासारखं डोकं, खाली दांडी. दोन पत्र्यांच्या भोकातून दांडी घालायची. डोक्यावर एकाने हवेची गन धरायची, ती ठोके मारते. मागून दुसऱ्याने लोखंडाचा ठोकळा दाबून धरायचा. त्याला आम्ही डॉली म्हणतो. दोघांमध्ये सापडून दांडी चेपते आणि मागेही एक डोकं तयार होतं. झालं काम. गन हलली तर पुढच्या डोक्यावर नखासारखा चंद्र उमटतो. डॉली हलली तर मागची दांडी नीट चेपायच्या ऐवजी आडवी झोपते. म्हणजे रिवेट बघून सांगता येतं, चुकलं कोण.

शेपटाच्या मागच्या स्पारवर, म्हणजे कण्यावर, एक ओळ होती. बाकीचं काम नितीनने चांगलं केलं होतं, खोटं कशाला बोलू. ही ओळ मात्र बघवत नव्हती.

"हे काय आहे रे?"

"दसऱ्याला केलं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "हत्यारांची पूजा होती. सगळे नातेवाईक आले होते. मी म्हटलं, प्रत्येकाचा एकेक मानाचा रिवेट."

मी कपाळाला हात लावला. लग्नात अक्षता टाकाव्यात तसे या मंडळींनी रिवेट मारले होते! आणि तेही गनने. तिथे दाबाचा स्क्वीझर सहज बसत होता, हाताने दाबलं की रिवेट आपोआप सरळ. पण स्क्वीझरचा आवाज होत नाही ना. ठो ठो झाल्याशिवाय पाव्हण्यांना मजा कशी यायची?

मी एकेक मोजून बघितला. नितीन ड्रिल घेऊन मागे उभाच. "हा जरा तिरका आहे. काढू?"

"राहू दे."

"आणि हा? डोकं थोडं चपटं झालंय."

"राहू दे म्हटलं ना! हात शिवशिवतायत का तुझे?"

नवशिक्यांचं इथेच चुकतं. रिवेट जरा वाईट दिसला की ते काढायला धावतात. काढताना ड्रिल सरकतं, भोक अंड्यासारखं लांबट होतं. मग वरच्या मापाचा जाड रिवेट घालावा लागतो. तोही बिघडला तर अजून जाड. भोक पत्र्याच्या कडेपर्यंत पोचलं की रिवेटला धरायला पत्राच उरत नाही. नितीनने मी यायच्या आधी एका चुलतभावाचा रिवेट काढून हेच करून ठेवलं होतं. तिथे कडेला जागा होती म्हणून मोठ्या रिवेटवर निभावलं. जरासा वाईट रिवेट बऱ्याचदा नव्या रिवेटपेक्षा बरा असतो. आमच्या वर्कशॉपमध्ये हे पोरांच्या डोक्यात भरवता भरवता माझा घसा बसायचा.

त्या ओळीतला एक रिवेट तर अप्रतिम होता. माझ्या हातून झाला असता तरी मी दोनदा बघितला असता.

"हा कोणाचा?"

"सरूआत्याचा. देहूरोडच्या."

त्याच्या शेजारचा मामांचा. पुढे चंद्र, चंद्राखाली स्पारला ओरखडा, मागे दांडी सपशेल झोपलेली, डोक्याखाली फट. फटीत माझी सगळ्यात पातळ मापाची पट्टी आरामात गेली. आणि जागा कुठली, तर शेपटाचा हलता भाग जिच्यावर फिरतो त्या बिजागरीच्या पट्टीच्या पहिल्याच भोकात. तिथे पत्र्याची कड इतकी जवळ, की जाड रिवेटची सोयच नाही. भोक बिघडलं तर पूर्ण स्पार बाद. तो परदेशातून येईपर्यंत काम ठप्प.

"हा काढावाच लागेल," मी म्हटलं.

नितीनचा चेहरा पडला. "मॅडम, तुम्ही मामांना ओळखत नाही. एका लग्नात त्यांना टॉवेल-टोपी द्यायची राहिली, तर आजतागायत त्या घरचं पाणी प्यायलेले नाहीत. आणि हा रिवेट अख्ख्या गावाला दाखवून झालाय. शेजारी मार्करने नाव लिहिलंय, बघा."

खरंच होतं. सुबक अक्षरात ‘शंकर’.

"ते उद्या साखरपुड्याला जाणारेत. तेव्हा गुपचूप बदलू. नाव पुन्हा लिहू."

"चोरून काम मी करत नाही. फोन लाव आणि सांग."

त्याने फोन लावला. "मामा, भात काढून झालं का? ... बरं बरं." ठेवला. मी डोळे वटारले. पुन्हा लावला. पुन्हा भात. तिसऱ्यांदा भाताबरोबर मामींच्या गुडघ्याचीही चौकशी झाली. रिवेटाचं नाव नाही.

थोड्याच वेळात शेडच्या दारात मोटारसायकल थांबली. धोतर, टोपी, मिश्या, सगळं जागच्या जागी.

"नित्या, तीनदा फोन केलास, तीनदा भात इचारलंस. तुला कवापासून भाताची काळजी? काय झालंय ते सांग."

नितीन माझ्याकडे बघायला लागला. म्हटलं, चला, आलं आपल्याच अंगावर.

"मामा, तुमचा रिवेट काढावा लागणार आहे."

मामांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "माझाच?"

"तुमचाच."

"सरूचा?"

"तो चांगला आहे. तो राहणार."

"आसं व्हय!" मामांचा आवाज पत्र्यावर घुमला. "शेड माझं, भाचा माझा, आन् खिळा सरूचा ऱ्हानार? नित्या, ह्या म्याडम कुटनं आणल्यास?"

"मामा, ऐका तरी..." नितीन पुटपुटला.

"तू गप ऱ्हा. काय तोंड दावू मी गावाला?"

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी टॉर्च लावला आणि आरसा त्यांच्या हातात दिला. "माझं ऐकू नका. तुम्हीच बघा. आधी आत्यांचा बघा, मग तुमचा."

मामा कुरकुरत वाकले. बराच वेळ वाकून राहिले. मग विचारलं, "ह्यो माझा आसा झोपलाय कशानं?"

"मागची डॉली हलली की असा झोपतो."

"डॉली कुनाकडं होती?"

नितीनने खाकरून घेतलं. "माझ्याकडे. ते... फोटो काढत होते ना. मी तिकडे बघत होतो."

"मंजे चूक तुझी!" मामांच्या तोंडावर काय उजेड पडला म्हणून सांगू!

"अर्धी," मी म्हटलं. "पुढे चंद्र उमटलाय तो तुमचा. तुम्हीही फोटोकडेच बघत होतात."

"बरं, अर्धी तर अर्धी." ते सरळ झाले. आता आवाज खाली आला होता. "ह्यो तसाच ऱ्हायला तर काय हुईल?"

"लगेच काही नाही. पण ढिला रिवेट थरथरतो. भोक मोठं होत जातं, बिजागरी हलायला लागते. आणि वर गेल्यावर शेपूट हलणं बरं नाही."

मामा आरसा तसाच हातात धरून नितीनकडे बघत राहिले. या पोराला त्यांनी खांद्यावर बसवून जत्रा दाखवलेली, हे त्यानेच मला सांगितलं होतं.

"काढा," मामा म्हणाले. "बहिनीचं पोर वर जानार हाय त्यातनं. माझ्या नावाचं काय घिऊन बसलाय!"

मला एकदम भरून आलं. पण ड्रिल हातात असताना डोळे ओले करून चालत नाही.

टॉर्च मामांनीच धरला. डोक्याच्या बरोबर मध्यावर मी बारीक खूण ठोकली. भोकापेक्षा एक माप लहान ड्रिल घेतलं, आणि फक्त डोक्याच्या जाडीएवढंच आत गेले. पत्र्याला ड्रिल लागता कामा नये, म्हणून दर दोन सेकंदांनी थांबून बघायचं. मग भोकात पिन घालून डोकं हलकेच तिरकं केलं. टक् करून तुटलं. मागून नितीनने लाकडाचा आधार दिला आणि मी झोपलेली दांडी हळूहळू ठोकत बाहेर काढली.  भोकात मापाची पिन घालून बघितली. भोक गोलच्या गोल! स्पारवरचा ओरखडाही उथळ निघाला. तो घासून गुळगुळीत केला आणि वर प्रायमर लावला.

"आता नवा मारून टाकते," मी म्हटलं.

"तुमी कशापायी? मीच मारनार."

नितीन म्हणाला, "मामा, राहू द्या ना."

"मानाचा हाय का न्हाई? मग मान माझा."

मी मामांना भंगारातली पट्टी काढून दिली. "आधी यावर. सलग चार चांगले आले तरच स्पारला हात लावायचा."

ऊन उतरेपर्यंत मामा ठोकत होते. कोपर अंगाशी ठेवा, गन काटकोनात, आधी दाबा मग घोडा ओढा, असं माझं चालू होतं आणि त्यांच्या शिव्या चालू होत्या. शिव्या रिवेटला. पहिले सगळे वाया गेले. हळूहळू चंद्र उमटायचे थांबले. चार चांगले आल्यावर ते स्पारपाशी आले. मी नितीनचा मोबाईल काढून घेतला. तो डॉलीकडे बघत होता, मामा गनकडे. ठोके पडले. मी आरसा लावला. गोल, सरळ, फट नाही.

"पास!" मी म्हटलं. मामांनी चिक्कीचा अख्खा पुडा माझ्या हातात कोंबला. मी लोणावळ्याची. माझ्या घरी चिक्कीला काय तोटा! तरी घेतला.

गोष्ट इथे संपायला हवी होती. दोन दिवसांनी नितीनचा फोन आला, आवाज रडवेला.

"मॅडम, सरूआत्या आलीय. ती रुसलीय."

"तिला काय झालं? तिचा तर सगळ्यात चांगला आहे."

"तेच तर. म्हणते, शंकरचा दोनदा झाला, त्याला दिवसभर शिकवणी दिली, मग माझा एकदाच का? माझा पण काढा. मी म्हणतो, एकदा काढून तिच्याकडून परत मारून घेऊ का? बिजागरीवर नाहीये तो."

"हात लावलास तर याद राख!" मी म्हटलं आणि बस पकडून आंबीला गेले.

सरूआत्या विमानाकडे पाठ करून खुर्चीत बसली होती. मी समोर बसले. "आत्या, या अख्ख्या शेपटात तुमच्याइतका चांगला रिवेट दुसरा नाही. चांगला रिवेट आम्ही काढत नसतो. काढला तर पाप लागतं."

आत्याने माझ्याकडे नीट बघितलं. "खरं सांगता?"

"आईशप्पथ."

"मग हे शंकरच्या म्होरं बोला."

मामांना बोलावणं गेलं. त्यांच्यासमोर, नितीनसमोर आणि चहा घेऊन आलेल्या मामींसमोर मी तेच वाक्य मोठ्याने म्हटलं. आत्याने पदर सावरला. मामा मिशीतल्या मिशीत म्हणाले, "आसंल. पन माझ्या खिळ्याला शिक्षन हाय."

शेपूट पुढे तपासणीत पास झालं. पंखांचं काम आता चालू आहे. माझं सगळं शिक्षण आणि नोकरी जमेस धरून तुम्हाला एकच सल्ला देते. घरी विमान बांधत असाल, तर नातेवाइकांना पेढे द्या, गन देऊ नका.